आकाशातले अंतर, जमिनीवरचे शेजारी

हेलसिंकीपासून टोकियो किती लांब आहे, असे एखाद्या चुणचुणीत मुलाला विचारले तर तो अर्ध्या मिनिटात उत्तर देईल. फिनलंडच्या राजधानीचा वान्ता विमानतळ ते जपानचा नारिता विमानतळ, हवाई अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर. उत्तर बरोबर आहे, पैकीच्या पैकी गुण द्यावेत असे. अडचण एवढीच, की या अंतराने फिनलंडचे विमान १९८३ मध्ये टोकियोला जाऊ शकत नव्हते. पुढे काही वर्षे ते जाऊ लागले. आणि २०२२ च्या फेब्रुवारीनंतर पुन्हा जाईनासे झाले. दोन्ही विमानतळ आपापल्या जागी ठाम उभे आहेत. पृथ्वीही आकसलेली नाही की फुगलेली नाही. मग हे अंतर वाढले आणि कमी झाले ते कसे?

मी जन्मभर बँकेत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. या दोन्ही धंद्यांत अंतराचा हिशेब किलोमीटरमध्ये होत नाही. आमच्या परकीय चलन विभागात निर्यातीची बिले यायची. माल निघाला, कागदपत्रे परदेशी बँकेकडे रवाना झाली, की तिकडून पैसे येईपर्यंतच्या काळाला ‘नॉर्मल ट्रान्झिट पीरियड’ म्हणत. तो ठरलेला असे २५ दिवसांचा. बिल टोकियोवर असो, हॅम्बुर्गवर असो की न्यूयॉर्कवर असो, दिवस पंचवीसच. पंचविसाव्या दिवसापर्यंत व्याजाचा एक दर, पैसे त्याहून उशिरा आले तर दुसरा. जगाचा एवढा मोठा पसारा आम्ही पंचवीस दिवसांत गुंडाळून ठेवला होता! तेव्हापासून मला एक सवय लागली आहे. कोणी अंतर सांगितले, की ते कशात मोजले आणि त्याचा खर्च कोणाच्या खात्यात पडला, हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

हेलसिंकी-टोकियोचा हिशेब मांडण्याआधी, वाचकहो, एक छोटासा खेळ खेळू. आज रविवार आहे, मुले घरी असतील. घरात पृथ्वीगोल असेल तर तो काढा आणि आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घ्या. दोऱ्याचे एक टोक हेलसिंकीवर धरा, दुसरे टोकियोवर, आणि दोरा ताणा. तो कुठून गेला ते पाहा. हेलसिंकी साठाव्या अक्षांशाच्या जरा वर आहे आणि टोकियो छत्तिसाव्याच्या आसपास. म्हणजे टोकियोला जायचे तर दक्षिणेकडे उतरावे लागणार. पण ताणलेला दोरा आधी वर चढतो! उरल पर्वताच्या उत्तर टोकापाशी तो आर्क्टिक वृत्त ओलांडून ६७ अंशांपर्यंत जातो आणि मग सैबेरियावरून तिरका खाली येत जपान गाठतो.

आता भिंतीवरचा जगाचा नकाशा घ्या आणि त्याच दोन गावांमध्ये पट्टीने सरळ रेघ ओढा. ही रेघ मध्यावर कझाकस्तानच्या पूर्व टोकाजवळून जाईल. दिसायला हीच सरळ, पण प्रत्यक्षात ती दोऱ्यापेक्षा नऊशेहून अधिक किलोमीटरने लांब पडते. याचे कारण नकाशात आहे. गेरार्डस मर्केटर याने १५६९ मध्ये हा नकाशा खलाशांसाठी काढला. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज हाकायचे, तर त्यावरची सरळ रेघ उपयोगी पडते. मात्र संत्र्याची साल टेबलावर सपाट पसरायची तर ती कुठेतरी ताणावी लागणारच. मर्केटरने ती ध्रुवांकडे ताणली. म्हणून त्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो. वास्तविक ग्रीनलंडसारखे चौदा तुकडे आफ्रिकेत मावतील. गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता नेहमी बृहद्वृत्ताचा असतो, म्हणजे पृथ्वीच्या मध्यबिंदूतून सुरी फिरवली तर पृष्ठभागावर जी कड उमटेल तिचा. विमानतळांमधली अंतरे मोजतात ती याच कडेने.

हा हिशेब अगदी चौथीतल्या गणितानेही जमतो. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. आकडा असा गोळाबेरीज का, तर फ्रेंचांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मीटर ठरवला तोच मुळी विषुववृत्त ते ध्रुव या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून. चाळीस हजाराला ३६० ने भागले की एका अंशाला १११ किलोमीटर येतात. हेलसिंकी ध्रुवापासून तीस अंशांना थोडी कमी आहे, म्हणजे ३,३०० किलोमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणखी एक गोष्ट यातूनच निघते. पृथ्वीवरचे कोणतेही दोन विमानतळ एकमेकांपासून वीस हजार किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाहीत. सिंगापूरहून न्यूयॉर्क परिसरात न थांबता जाणारी विमानसेवा २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा ती जगातली सर्वांत लांब ठरली. तिचे अंतर पंधरा हजार तीनशेच्या घरात आहे. त्यामानाने आपले हेलसिंकी-टोकियो म्हणजे मधल्या आळीतले घर!

पण मधल्या आळीतल्या घरी जाण्यासाठीही कोणाच्या तरी अंगणातून जावे लागते. गोष्ट सुरू होते ती इथे.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून जपानला जायचे, तर विमाने आपल्या बाजूने येत. १९५३ मध्ये ब्रिटिशांनी ‘कॉमेट’ जेट विमानाने लंडन ते टोकियो सेवा सुरू केली. तिच्या वाटेवर कराची, दिल्ली, कलकत्ता, रंगून, बँकॉक अशी ठाणी होती. म्हणजे युरोपातून जपानला जाणारा माणूस आपल्याकडे चहा पिऊन पुढे जाई. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी स्कॅन्डिनेव्हियन देशांच्या ‘सास’ या कंपनीने निराळाच रस्ता धरला. कोपनहेगनहून उत्तरेकडे, ध्रुवाच्या बाजूने अलास्कातल्या अँकरेज गावी, तिथे इंधन भरायचे आणि तिथून टोकियो. त्या दिवशी एक विमान कोपनहेगनहून निघाले आणि एक टोकियोहून. सुमारे पन्नास तासांचा प्रवास बत्तीस तासांच्या आसपास आला.

हे सोपे नव्हते. ध्रुवाजवळ होकायंत्राची सुई गोंधळते, तिच्यावर विसंबता येत नाही. तिथे एकत्र येणारे रेखांश इतके दाटीवाटीने येतात, की दहा मिनिटांत ‘पूर्व’ बदलते. त्यासाठी खास भोवरायंत्रे आणि निराळ्या चौकटींचे नकाशे तयार करावे लागले. तरीही पुढली तीस वर्षे युरोप आणि जपान यांच्यामधला मोठा नाका अँकरेज हाच होता. त्या पिढीतल्या जपानी प्रवाशांना अँकरेजच्या विमानतळावर मिळणाऱ्या गरमागरम ऊदोन शेवयांची आठवण अजून येते म्हणतात. आपल्याला कर्जतचा वडा आठवावा तशी.

आता नकाशाकडे पुन्हा पाहा. दोरा सैबेरियावरून जात होता आणि विमाने मात्र पार अलास्काला वळसा घालत होती. कारण सैबेरिया सोव्हिएत संघाचा आणि त्यावरचे आकाशही त्याचेच. जमिनीची मालकी वर कुठपर्यंत जाते, हा प्रश्न जगाने ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे निकालात काढला. त्या दिवशी सह्या झालेल्या कराराचे पहिलेच कलम सांगते, की आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक राष्ट्राचे संपूर्ण आणि एकट्याचे सार्वभौमत्व आहे. समुद्रावर किनाऱ्यापासून काही अंतर गेले की पाणी सगळ्यांचे होते. आकाशाचे तसे नाही. खाली जो देश, वर त्याचीच परवानगी. सोव्हिएत संघ त्या परिषदेला हजरही नव्हता. पण त्या कलमातले तत्त्व त्याने कोणाहीपेक्षा काटेकोरपणे पाळले.

फिनलंडची स्थिती तर आणखी नाजूक. सुमारे तेराशे किलोमीटरची सीमा रशियाला लागून, १९१७ पर्यंत रशियन साम्राज्यातच, नंतर १९३९-४० मध्ये त्याच शेजाऱ्याशी भर हिवाळ्यात युद्ध, आणि त्यानंतर अनेक दशके त्याचा रोष होणार नाही अशा बेताने जपून वागणे. एवढी मर्जी सांभाळूनही सैबेरियावरून टोकियोला जायची वाट मिळाली नाही. तेव्हा २२ एप्रिल १९८३ रोजी फिनएअर या त्यांच्या कंपनीने एक धाडस केले. जादा इंधन मावेल असे डीसी-१० विमान घेऊन ते हेलसिंकीहून सरळ उत्तरेला निघाले. ध्रुवावरून जायचे, पलीकडे उतरून अलास्का आणि सैबेरिया यांच्यामधल्या बेरिंगच्या सामुद्रधुनीतून खाली यायचे आणि सोव्हिएत आकाशाला न शिवता टोकियो गाठायचे, असा बेत. पश्चिम युरोपातून जपानला कुठेही न थांबता नेणारी ही पहिली सेवा. वेळ सुमारे तेरा तास. ध्रुव ओलांडला म्हणून प्रवाशांना प्रमाणपत्र मिळे.

मघाचा आकडा आता काढा. हेलसिंकी ते ध्रुव ३,३००. ध्रुवावरून टोकियोकडे सरळ खाली उतरता आले असते तर आणखी सहा हजार. पण तसे उतरायचे तर पुन्हा सैबेरियाच आडवी. म्हणून आधी बेरिंगकडे जाऊन मग वळायचे. दोरा लावून पाहिलेत तर एकूण अंतर दहा हजार किलोमीटरच्या वर भरेल. प्रत्यक्षात ठरलेल्या हवाई वाटांनी ते आणखी वाढते. ७,८०० वर निदान तीन हजारांचा बोजा. शेजाऱ्याच्या अंगणातून न जाण्याची ही किंमत.

अंगणात चुकून पाऊल पडले तर काय होते, हे त्याच वर्षी जगाने पाहिले. १ सप्टेंबर १९८३. कोरियन एअर लाइन्सचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून निघून अँकरेजला थांबले आणि तिथून सोलकडे चालले होते. वाटेत ते हळूहळू उजवीकडे सरकत गेले आणि शेकडो किलोमीटर बाजूला जाऊन आधी कामचत्का, मग साखालिन या सोव्हिएत प्रदेशांवर आले. सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडले. आत २६९ माणसे होती. एकही वाचले नाही. विमानाची नोंदयंत्रे रशियाने पुढे सोव्हिएत संघ संपल्यावर परत केली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या १९९३ च्या अहवालात निष्कर्ष निघाला, की स्वयंचालक यंत्र दिशादर्शक यंत्रणेला जोडले गेलेच नव्हते. ते एकच दिशा धरून उडत राहिले आणि वैमानिकांच्या हे ध्यानात आले नाही. हेरगिरी नव्हती, कट नव्हता. यंत्राचा एक खटका योग्य जागी बसला नव्हता, एवढेच.

बँकेत आमच्याकडे एक आकडा चुकला तर रात्री उशिरापर्यंत बसून ताळा जुळवत असू. पण तो जुळे. इथे चुकीचा ताळा २६९ जिवांनी जुळवला. या घटनेतून दोन गोष्टी निघाल्या, हे मात्र सांगायला हवे. अमेरिकेच्या अध्यक्षांनी, रेगन यांनी, त्याच महिन्यात जाहीर केले की उपग्रहांवरून ठिकाण सांगणारी लष्करी यंत्रणा पूर्ण झाल्यावर नागरी विमानांनाही वापरता येईल. आज रिक्षावाल्याच्या मोबाइलमध्ये जो जीपीएस असतो, तो सामान्य माणसाच्या हाती येण्याच्या वाटेवर हा एक टप्पा होता. दुसरे म्हणजे मे १९८४ मध्ये शिकागो करारात नवे कलम घालण्याचे ठरले, की हवेतल्या नागरी विमानावर राष्ट्रांनी शस्त्र चालवू नये. चाळीस वर्षांपूर्वी ते लिहून ठेवायची गरज कोणाला वाटली नव्हती.

मग काळ पालटला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सैबेरियाचे दार थोडे किलकिले झाले आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर बरेचसे उघडले. त्यासाठी पैसे मोजावे लागत. त्यातला मोठा हिस्सा एरोफ्लोट या रशियन कंपनीकडे जाई, आणि युरोपीय कंपन्यांची त्यावर कायम कुरकुर असे. पण दोरा ज्या वाटेने गेला होता जवळपास त्याच वाटेने विमाने जाऊ लागली. अँकरेजला थांबणारे प्रवासी ओसरले. तिथला मुक्काम मालवाहू विमानांपुरता उरला, तो मात्र अजूनही मोठा आहे.

या उघडलेल्या दारातून सर्वांत जास्त कोणी कमावले असेल तर फिनलंडने. लोकसंख्या सारी पंचावन्न लाखांच्या आसपास, म्हणजे पुण्यापेक्षाही कमी. एवढ्याशा देशाच्या कंपनीला घरची गिऱ्हाइके किती मिळणार? पण युरोप आणि पूर्व आशिया यांच्यामधला दोरा बहुतेक वेळा फिनलंडच्या माथ्यावरूनच जातो, हे त्यांनी ओळखले. माद्रिदचा, पॅरिसचा, स्टॉकहोमचा प्रवासी हेलसिंकीला आणायचा आणि तिथून टोकियो, ओसाका, सोल, शांघायला न्यायचा. टोकियोचा प्रवास साडेनऊ-दहा तासांवर आला. त्यात आणखी एक मेख होती, आणि ती बँकवाल्याला चटकन कळेल. जायला साडेनऊ, यायला साडेनऊ, झाले एकोणीस. दोन्हीकडे मिळून पाच तास उतरायला, झाडलोट करायला, इंधन भरायला आणि चढायला. बेरीज चोवीस. म्हणजे एका विमानात रोजची एक फेरी नेमकी बसते! एकच भांडवल दररोज फिरते आणि दररोज व्याज आणते. युरोपात आणखी दक्षिणेला किंवा पश्चिमेला असणाऱ्या विमानतळांना हे जमेना. कंपनीने मोठी नवी विमाने घेतली, विमानतळ वाढवला. फिनलंडची खरी मालमत्ता तिचा अक्षांश-रेखांश होती.

आमच्याकडे कर्जाच्या फायली येत तेव्हा पहिला प्रश्न असे, तारण काय? जमीन असेल तर तिच्यात जायचा रस्ता कोणाच्या मालकीचा, हा दुसरा. कित्येक सुंदर जमिनींना स्वतःचा रस्ताच नसतो. शेजारच्या बांधावरून वहिवाट असते. ती पिढ्यान्‌पिढ्या चालते, म्हणून ती आपलीच आहे असे वाटू लागते. भाव ठरतो तो जमिनीचा, पण तिची किंमत त्या वहिवाटीत असते.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. चार दिवसांत युरोपने आपले आकाश रशियन विमानांना बंद केले आणि रशियाने आपले ३६ देशांना. वहिवाट एका आठवड्याच्या आत मोडली. मार्च २०२२ मध्ये फिनएअरने टोकियोची विमाने पुन्हा सुरू केली ती दोन वाटांनी. एक दक्षिणेची, तुर्कस्तान, कझाकस्तान, चीन असा वळसा घेणारी. दुसरी उत्तरेची, थेट ध्रुवावरून, १९८३ सालीच घालून दिलेली. दोन्हींना तेरा तासांच्या आसपास. डीसी-१० च्या जागी एअरबस ३५० आले होते, जीपीएस आले होते, वैमानिकाच्या पुढ्यात रंगीत पडदे होते. पण घड्याळ १९८३ चेच झाले. आणि मघाची बेरीज? तेरा आणि तेरा सव्वीस. दिवसाचे तास मात्र चोवीसच राहिले. एका विमानात रोजची फेरी बसेना. इंधन वाढले, वैमानिक वाढले, काही गावांची सेवा थांबवावी लागली. मग २०२३ मध्ये कंपनीने आपली दोन मोठी विमाने ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासला भाड्याने दिली. रिकाम्या खोल्या भाड्याने देऊन घर चालवावे, तसे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी मुंबईलाही विमान सोडले, कारण आपल्याकडे यायला रशियाची परवानगी लागत नाही. ती सेवा फार काळ चालली नाही, पण सैबेरियाचे दार बंद झाल्याचा आवाज सांताक्रूझपर्यंत आला तो असा.

माझा भाचा हेलसिंकीजवळच्या एस्पू गावी नोकरीला आहे. कामानिमित्त त्याची टोकियोला खेप असते. त्या वर्षी त्याने ध्रुव ओलांडल्याच्या प्रमाणपत्राचा फोटो पाठवला. तो पाहून आमची ताई, म्हणजे त्याची आई, हबकलीच. तिचा मला पुण्याहून फोन.

“अगं, हा उत्तर ध्रुवावरून गेला म्हणे. मध्ये काही झालं तर उतरणार कुठे?”

प्रश्न अडाणी नव्हता. हेच विमान कंपनीलाही आधी विचारावे लागते. ध्रुवाच्या वाटेवर उतरण्याजोगे विमानतळ मोजकेच. विमानाचे इंधन उणे ४७ अंशांच्या आसपास गोठू लागते आणि बाहेरची हवा त्याहून थंड असू शकते. म्हणून टाकीचे तापमान सारखे पाहावे लागते. ते फार उतरू लागले तर वेग वाढवायचा किंवा खालच्या थरात यायचे. कडाक्याच्या थंडीत उतरायची वेळ आली तर घालायला खास पोशाख बरोबर ठेवतात. हे सारे मी भाच्याकडून ऐकले, तेव्हा तो सहज म्हणाला, “मावशी, मला भीती नाही वाटली गं. पण खिडकीतून खाली नुसता बर्फ बघताना एक सारखं वाटत होतं. मी नऊ तासांत जायचो. ही वरची चार तासांची बेरीज कुणाच्यातरी युद्धाची आहे, आणि ती मी खुर्चीत बसून भरतोय.”

मी ताईला एवढेच सांगितले, की तो सुखरूप पोचला. बाकीचे तिला सांगून काय करायचे?

भरणारे सगळे सारखेच भरत नाहीत, ही यातली आणखी एक गंमत. चीनच्या कंपन्यांना रशियाचे आकाश उघडेच राहिले. तेव्हा लंडन ते बीजिंग हे एकच अंतर ब्रिटिश विमानाला लांब आणि चिनी विमानाला जवळ असे झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रिटिश एअरवेजने तर आपली बीजिंगची सेवा थांबवलीच. आपल्या एअर इंडियालाही अमेरिकेला जाताना रशियावरून जाता आले. त्याचेही एक मोल असते. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले विमान एंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगदान गावी उतरले. सव्वादोनशेहून अधिक माणसे, आणि मुक्काम अशा गावी, जिथे त्यांच्यासाठी पुरेशी हॉटेलेही नव्हती. ती दुसऱ्या विमानाने पुढे गेली.

मात्र शेजाऱ्याचे बंद अंगण काय असते, हे आपल्याला फिनलंडकडून शिकायची गरज नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते १६ जुलैपर्यंत. दिल्लीहून युरोपला निघालेली विमाने आधी दक्षिणेला गुजरातकडे येऊन, अरबी समुद्रावरून वळसा घालू लागली. इंडिगोचे इस्तंबूलचे विमान इंधनासाठी दोह्याला थांबू लागले. २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. पहलगामच्या हत्याकांडानंतर, २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा आकाश बंद केले आणि काही दिवसांत आपणही त्यांच्या विमानांना केले. दिल्ली-लंडन अंतर कोणत्याही भूगोलाच्या पुस्तकात त्या दिवशी बदलले नाही. तिकिटावर मात्र बदलले.

या बंदीमागे कारणे असतात, आणि ती खोटी असतात असेही नाही. माणसे मारली गेल्यावर राष्ट्र गप्प कसे बसेल? युक्रेनमधल्या माणसाला फिनएअरच्या चार तासांची गोष्ट सांगायला गेलो तर तो आपल्याकडे पाहतच राहील. आकाश बंद होणे हा त्या जखमांचा फार लहान भाग आहे. पण तो असा भाग आहे, की त्याचे माप घेता येते. युद्धाने किती नुकसान झाले याचे आकडे कोणालाच नीट मांडता येत नाहीत. विमान किती लांबून गेले, हे मात्र किलोमीटरमध्ये, मिनिटांमध्ये, इंधनाच्या टनांमध्ये लिहिलेले असते. दोन देशांमधली ताणाताणी इतक्या स्वच्छ आकड्यांत क्वचितच वाचायला मिळते.

अलीकडे विमानात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर पडदा असतो. त्यावर जगाचा नकाशा आणि एक चिमुकले पांढरे विमान. नातवंडांना चित्रपट पाहून झाले, की मोठी माणसे तोच नकाशा पाहत बसतात. त्यावरची वाट कधी वाकडी दिसते. बऱ्याचदा तो वाकडेपणा सपाट नकाशाचा असतो, गोलावर ती सरळच असते. कधी वाऱ्यासाठी घेतलेले वळण असते. पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारा उंचावरचा वारा पाठीशी घेता आला, तर लांबची वाटही लवकर संपते. म्हणून टोकियोहून हेलसिंकीला परतताना विमान बहुधा पॅसिफिकवरून ध्रुवाची वाट धरते. पण कधी त्या रेषेत एक असा खळगा दिसतो, की तो ना पृथ्वीच्या गोलाईने समजतो ना वाऱ्याने. तिथे खाली कोणता देश आहे ते जरा पाहावे, आणि शेजारी बसलेल्या नातवाला तो दाखवावा. तो विचारील, “आजी, इथून सरळ का नाही गेलो?” त्याचे उत्तर ऐकायला तेरा तासांतला थोडा वेळ कामी येईल.